काढलेल्या हृदयाची तपासणी

हृदय प्रत्यारोपणात रुग्णाच्या छातीतून काढलेले निकामी हृदय संशोधकांना फार मोलाचे वाटते. बायोप्सीत हाती लागतो तो दोन-तीन मिलिमीटरचा कण. शवविच्छेदनात हृदय सबंध मिळते, पण तोवर पेशींतले आरएनए विघटित होऊ लागलेले असते. शस्त्रक्रियेत काढलेले हृदय ताजे असते आणि जवळजवळ पूर्णही. वरच्या कप्प्यांच्या मागच्या भिंतीचा काही भाग मात्र नवे हृदय शिवण्यासाठी रुग्णाच्या छातीतच राखलेला असतो.

संशोधनासाठी रुग्णाची संमती आधीच घेतलेली असते. जपणुकीत क्रम महत्त्वाचा, कारण फॉर्मॅलिनमुळे आकार टिकतो, पण आरएनए खराब होते. म्हणून आधी छोटे तुकडे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. उरलेले हृदय धुऊन, वजन करून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात. निरोगी हृदय साधारण ३०० ग्रॅमचे. फुगलेले ५०० ग्रॅमच्याही वर जाते. फॉर्मॅलिनमध्ये हृदय घट्ट झाले की टोकाकडून पावासारखे सेंटीमीटरभर जाडीचे काप काढतात. मॅसन ट्रायक्रोम या रंगप्रक्रियेत स्नायू लाल दिसतो, व्रणाची ऊती निळी. स्नायूची जागा व्रणाने किती बळकावली, ते एका नजरेत कळते.

कधी कधी मूळ निदानच बदलते. ‘कारण अज्ञात’ असा शेरा मिळालेल्या हृदयात सारकॉइडोसिस या आजाराच्या गाठी सापडतात. हा आजार नव्या हृदयातही उलटू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना ते ठाऊक असलेले बरे. आनुवंशिक विकाराच्या खुणा आढळल्या, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.

या अभ्यासाचे सर्वांत ठळक फळ १९८२ सालचे. अमेरिकेत स्टॅनफर्डला मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणात काढलेल्या हृदयांची तुलना निरोगी हृदयांशी केली. थकलेल्या हृदयांत ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारे बीटा ग्राहक निम्म्याने घटलेले निघाले. ॲड्रेनॅलिनच्या सततच्या माऱ्यापुढे पेशींनी जणू दारेच लावून घेतली होती. हेच ग्राहक अडवणारी बीटा ब्लॉकर औषधे दुबळ्या हृदयाला घातक, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रिस्टो यांच्या निष्कर्षाने त्याला धक्का बसला, तरी वैद्यकविश्वाने बाजू बदलायला चांगली पंधरा वर्षे घेतली. १९९७ मध्ये कार्वेडिलॉलला हृदयक्षीणतेवरील औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आज बीटा ब्लॉकर या आजाराच्या मुख्य औषधांत मोडतात.