पित्ताशय काढताना, काढल्यानंतर

मानवी यकृतात दररोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि जेवण असो वा उपवास, ही निर्मिती थांबत नाही. स्निग्ध अन्न मात्र आतड्यात दिवसातून दोन-तीन वेळाच येते. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम यकृताच्या खालच्या बाजूस चिकटलेली, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची एक पिशवी करते, तिलाच पित्ताशय म्हणतात. तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर द्रव मावतो, परंतु तिचे अस्तर पित्तातील पाणी शोषून घेऊन ते पाच ते दहा पट दाट करत असल्याने एवढ्याशा जागेतही रात्रभराचा साठा राहू शकतो. जेवणातील स्निग्धांश आद्यांत्रात, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, पोहोचला की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, त्या संदेशाने पित्ताशय आकुंचन पावते आणि दाट पित्त नळीवाटे आतड्यात उतरते. तेलकट भांड्यावर साबण जे काम करतो तेच पित्तातील क्षार चरबीवर करतात. तिचे बारीक थेंब झाल्यावरच स्वादुपिंडातील विकरांना ती पचवता येते. काम झाल्यावर सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषले जाऊन रक्तावाटे यकृताकडे परततात. या सर्व व्यवस्थेत पित्ताशय पित्त साठवते, दाट करते आणि वेळेवर सोडते, तयार मात्र करत नाही. ते काढून टाकल्यावरही माणूस व्यवस्थित जगतो, त्याचे कारण येथेच आहे.

पित्ताची घडण नाजूक समतोलावर उभी असते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्याला पित्तक्षार आणि लेसिथिन हा मेदयुक्त पदार्थ विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतात. कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले किंवा पित्ताशय पुरेसे रिकामे होईनासे झाले, की त्याचे स्फटिक वेगळे होतात, अस्तरातून पाझरणाऱ्या चिकट स्रावात अडकतात आणि हळूहळू वाढत जाऊन खडे बनतात. इस्ट्रोजेनमुळे पित्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि गरोदरपणातील प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशयाची हालचाल मंदावते, त्यामुळे हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. लठ्ठपणा हे जसे एक कारण आहे तसेच उपासमार करून झपाट्याने वजन उतरवणे हेही आहे. तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर फुटत राहिल्यास त्यांतून निघणाऱ्या बिलिरुबिन या रंगद्रव्याचे काळपट खडे होतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या रुग्णांत, अगदी लहान वयातही, पित्ताशयात खडे सापडतात ते याच प्रकारचे. 

खडा असणे आणि त्याचा आजार होणे या निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून घाबरून शस्त्रक्रियेची तारीख घेणाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठातील एक अभ्यास पाहावा असा आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोणताही त्रास नसताना खडे आढळलेल्यांपैकी १५ वर्षांत सुमारे १८ टक्के लोकांनाच पित्ताशयाची कळ आली. त्यामुळे अशा मूक खड्यांवर, काही ठरावीक परिस्थिती सोडल्यास, लक्ष ठेवणे पुरते. एकदा कळ येऊन गेली की मात्र हिशेब बदलतो. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी उठणारी, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाणारी आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकणारी ही वेदना बहुधा भरपेट जेवणानंतर किंवा रात्री येते, ॲसिडिटीच्या गोळ्यांनी शमल्यासारखी वाटते आणि आपोआप थांबते म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढली जाते. प्रत्यक्षात खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकून सुटलेला असतो. तो सुटला नाही तर पित्ताशयाला सूज येते, आणि निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा जीवघेणा दाह होऊ शकतो.

ऑपरेशन टाळण्यासाठी घरोघरी जे उपाय सांगितले जातात, त्यांतील निम्मे मुतखड्याचे असतात. कुळथाचे कढण मुतखड्याला उपयोगी पडते की नाही हा वेगळा प्रश्न. पित्ताशयातील खड्याचा लघवीच्या मार्गाशी काहीच संबंध नसल्याने कितीही लघवी झाली तरी तो जागचा हलत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन शौचावाटे पडणारे हिरवट गोळे तपासले असता ते त्या तेलापासून पोटात तयार झालेल्या साबणाचे निघाले, हे २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहे. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हे औषध लहान, शुद्ध कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवू शकते, परंतु त्याला अनेक महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांत खडे पुन्हा होतात, कारण ते घडवणारी पिशवी तिथेच राहिलेली असते.

हाच मुद्दा बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातील शल्यविशारद कार्ल लांगेनबूख यांनी एकोणिसाव्या शतकात ओळखला होता. त्या काळी पित्ताशयाला छेद देऊन फक्त खडे काढत आणि खडे पुन्हा होत. पित्ताशयाविना प्राणी जगू शकतो हे कुत्र्यांवरील जुन्या प्रयोगांतून दिसले होते, हत्ती आणि घोडा यांना तर ते जन्मतःच नसते; या आधारावर लांगेनबूख यांनी शवांवर दीर्घकाळ सराव केला आणि १५ जुलै १८८२ रोजी अनेक वर्षे कळा सोसणाऱ्या ४३ वर्षांच्या एका पुरुषाचे पित्ताशय काढून टाकले. तो रुग्ण बरा झाला. पुढची शंभर वर्षे हीच शस्त्रक्रिया उजव्या बरगडीखाली वीतभर छेद देऊन होत राहिली, आणि खरा त्रास त्या छेदाचाच असे: कापलेल्या स्नायूंमुळे श्वास घेताना दुखे, रुग्ण खोकायला भिई, छातीत कफ साठे.

छेद लहान करण्याचे श्रेय ज्यांना मिळायला हवे होते त्यांना ते फार उशिरा मिळाले. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढून दाखवले होते. त्यापासून स्फूर्ती घेऊन स्टुटगार्टजवळच्या ब्योबलिंगेन गावातील एरिख म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी स्वतः घडवलेल्या नळीवजा दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी जर्मन शल्यचिकित्सकांच्या अधिवेशनात त्यांच्या निवेदनाची टर उडवली गेली, पुढे एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर खटला भरला गेला आणि १९९० साली त्यातून त्यांची सुटका झाली. दरम्यान १९८७ मध्ये ल्योंचे फिलिप मूरे यांनी आणि पाठोपाठ पॅरिस व बोर्दो येथील शल्यविशारदांनी ही पद्धत केली आणि बोलबाला फ्रेंचांचा झाला. म्यूहे यांचा जर्मन संघटनेने सन्मान केला तो १९९२ साली. भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. या सरकारी रुग्णालयात ते १९७२ पासून पोटाच्या विकारांच्या निदानासाठी दुर्बीण वापरत आले होते, त्यामुळे हे तंत्र येथे श्रीमंतांच्या खासगी रुग्णालयांतून नव्हे तर सार्वजनिक वॉर्डातून रुजले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आज या शस्त्रक्रियेत संपूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर एवढ्या दाबाने भरतात, जेणेकरून पोटाची भिंत उचलली जाऊन काम करण्यास पोकळी मिळते. हाच वायू निवडण्याचे कारण असे की तो पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. बेंबीतून कॅमेरा आणि पोटाच्या वरच्या भागात पाडलेल्या आणखी तीन छिद्रांतून, ज्यांची रुंदी पाच ते दहा मिलिमीटर असते, लांब दांड्याची अवजारे आत जातात. रुग्णाचे डोके वर आणि शरीर किंचित डावीकडे कलते केले की आतडी आपल्या वजनाने खाली सरकतात आणि यकृताखालचा भाग उघडा पडतो.

यानंतरचे सारे नाट्य दोन-तीन सेंटिमीटरच्या एका त्रिकोणात घडते. जाँ-फ्रान्स्वा कालो या फ्रेंच शल्यविशारदाने १८९० मध्ये आपल्या प्रबंधात वर्णन केलेल्या आणि त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या त्रिकोणाच्या एका बाजूला पित्ताशयनलिका, म्हणजे पित्ताशयाला मुख्य नळीशी जोडणारी बारीक नळी, असते, दुसऱ्या बाजूला यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका आणि, आजच्या प्रचलित अर्थाने, वर यकृत. आतून पित्ताशयाची धमनी जाते. तोडायची ती पित्ताशयनलिका आणि धमनी, जपायची ती मुख्य नलिका. चित्रात हे सोपे वाटते, परंतु प्रत्यक्षात सर्व काही पिवळसर चरबीत आणि वारंवारच्या सुजेने घट्ट झालेल्या पडद्यांत गुंडाळलेले असते, आणि या नळ्यांची रचना माणसागणिक बदलते. शिवाय मदतनीसाने पित्ताशयाचे मानेकडील टोक उजवीकडे व बाहेर ओढण्याऐवजी सरळ वर ओढले, तर बारीक नळी आणि मुख्य नळी एका रेषेत येतात आणि मुख्य नळीच पित्ताशयातून निघाल्यासारखी भासते. कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पित्तनलिकेच्या २५२ दुखापतींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील ९७ टक्के दुखापतींच्या मुळाशी हाताची चूक नसून असाच दृष्टिभ्रम असल्याचे आढळले: शल्यविशारदाने सफाईदारपणे कापले होते, पण नळी दुसरी होती.

यावर उतारा म्हणून शल्यविशारद स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला नियम आता जगभर शिकवला जातो. त्रिकोणातील सर्व चरबी साफ झालेली असावी, पित्ताशयाचा मानेकडील एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला असावा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, फक्त दोनच, दिसाव्यात. तोवर टायटॅनियमची क्लिप लावायची नाही आणि कात्री चालवायची नाही. हे दृश्य मिळतच नसेल तर पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर पडणे किंवा पोट उघडणे हा शहाणपणा असतो. ‘दुर्बिणीतून सुरू केले आणि शेवटी पोट फाडावे लागले’ असे नातेवाईक नाराजीने सांगतात, तेव्हा बहुधा रुग्णाचे हितच झालेले असते, कारण मुख्य नलिका तुटल्यास आतड्याची वळी वर आणून तिला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिचे परिणाम वर्षानुवर्षे रेंगाळू शकतात. पोट उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेत अशी दुखापत हजारी एक-दोन रुग्णांना होई. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात हे प्रमाण त्याहून वाढले होते. बाहेरची जखम लहान झाल्याने आतला निर्णय सोपा झाला, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

सुटे केलेले पित्ताशय पिशवीत घालून एका छिद्रातून बाहेर काढले जाते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेकांना पोटापेक्षा उजवा खांदा अधिक दुखतो आणि ‘ऑपरेशन पोटाचे, दुखतो खांदा’ याचा उलगडा होत नाही. उरलेला वायू श्वासपटलाखाली साचून त्याला चेतवतो. श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतील ज्या मणक्यांपाशी उगम पावतो तेथूनच खांद्याच्या त्वचेलाही संवेदना मिळत असल्याने मेंदूला वेदनेचा पत्ता चुकतो. खांद्याला बाम चोळून म्हणूनच फारसा फरक पडत नाही. थोडे थोडे चालत राहिल्यास आणि दिलेल्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यास वायू शोषला जाऊन हे दुखणे आपोआप मावळते. त्वचा आठवडाभरात भरून येते, पण बेंबीखालील स्नायूंवरचा मजबूत पडदा सांधायला कित्येक आठवडे लागतात, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे भरलेली बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलण्याचा मोह तिथेच होतो. त्या जागी पुढे हर्निया होऊ शकतो. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डोळे पिवळे होणे किंवा लघवी गडद होणे ही मात्र वाट पाहण्याची लक्षणे नव्हेत, कारण ती पित्त पोटात गळत असल्याची किंवा एखादा खडा मुख्य नलिकेत राहून गेल्याची खूण असू शकतात.

आहाराबाबतची भीती बहुतांशी अनाठायी आहे. पित्ताशय नसले तरी यकृतातून पित्त येतच राहते, दोन जेवणांच्या मध्ये त्याचा साठा आतड्यातच राहतो आणि चरबीचे पचन चालू राहते. फरक एवढाच की भजी आणि मटणाचा तर्रीदार रस्सा एकाच बैठकीत आला तर तेवढ्या चरबीसाठी लागणारे दाट पित्त एकदम मिळत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे मऊ भात, वरण, ताक, भाकरी, भाज्या असे साधे जेवण थोडे थोडे घ्यावे आणि तेल-तूप हळूहळू वाढवावे. आयुष्यभर तूप वर्ज्य करण्याची गरज बहुतेकांना नसते. काहींना, विशेषतः जेवणानंतर लगेच, पातळ शौचाला होते. सतत झिरपणारे पित्तक्षार पुरते शोषले न जाता मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथे पाणी सुटते, हे त्याचे कारण असते. बहुधा काही आठवड्यांत ते कमी होते आणि न झाल्यास पित्तक्षारांना बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिनसारखे औषध उपयोगी पडते, त्यामुळे हा त्रास अपचन समजून सोसत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगितलेला बरा.

काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवले जाते आणि तिचा अहवाल काही दिवसांनी, म्हणजे रुग्ण घरी जाऊन टाके विसरू लागल्यावर, येतो. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील बहुतेक भागांपेक्षा जास्त आहे आणि त्यातील काही कर्करोग केवळ या अहवालातच पहिल्यांदा उघड होतात. बाटलीत भरून दिलेले खडे नातेवाईक हौसेने घरी नेतात, दाखवतात; अहवालाचा कागद मात्र पुष्कळदा प्रयोगशाळेच्या खिडकीवरच पडून राहतो.