दिव्याला कार्बनचे चिलखत

साधा बल्ब कपाटात ठेवून दिला, तर तो नुसता पडून खराब होत नाही. पण सेंद्रिय प्रकाशदायी डायोड, म्हणजे आजच्या अनेक मोबाइल फोनच्या पडद्यांतला ‘ओलेड’, उघडा राहिला तर न पेटवताही नासतो! त्यावर बारीक काळे डाग उमटतात आणि वाढत जातात.

१९८७ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी बनवलेल्या ओलेडचे सेंद्रिय थर मिलिमीटरच्या जेमतेम सात हजाराव्या भागाएवढे जाड होते. अशा थरांवर धातूचे ऋणाग्र असते. धुळीच्या कणामुळे त्याला छिद्र राहिले, की बाष्प आत शिरते, धातूची व थराची फारकत होते आणि तेवढ्या जागी इलेक्ट्रॉन पोहोचत नाहीत. तोच काळा डाग.

प्लास्टिकचे आवरण वाकते, पण बाष्प सोडते. ओलेडला तर चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त बाष्प सोसत नाही!

येथे हिरासदृश कार्बनचा लेप उपयोगी पडतो. निर्वात पात्रात थोडा मिथेन किंवा ॲसिटिलीन सोडून विद्युत् विसर्जन घडवले, की कार्बनचे अणू पृष्ठभागावर दाटीवाटीने बसतात. त्यांचे काही बंध हिऱ्यासारखे, काही ग्रॅफाइटसारखे असतात. स्फटिक मात्र नसतात, म्हणून स्फटिकांमधल्या फटीही नसतात. शिवाय फार तापवावे लागत नाही. नाहीतर औषधानेच रोगी दगावायचा!

लेप जाड केला, तर अंतर्गत ताणामुळे तो तडकतो किंवा सुटून येतो. म्हणून पातळ लेप, त्यावर मऊ बहुवारिकाचा थर, पुन्हा लेप अशी चळत रचतात. एका लेपाचे छिद्र दुसऱ्याच्या छिद्रासमोर क्वचितच येते. बाष्पाला वळणे घेत जावे लागते.