पुस्तक मोकळे कधी होते?

‘सर्व हक्क सुरक्षित’ हे शब्द पुस्तकाच्या आरंभीच असतात. लेखकाला श्रमाचा मोबदला मिळावा म्हणून हा हक्क, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण तो ठराविक मुदतीचा असतो. मुदत सरली की पुस्तक सर्वांचे. कुणीही छापावे, कुणीही वाटावे. मग ही मुदत किती वेळा वाढवीत न्यावी?

या प्रश्नावर अमेरिकेत एक खटला गाजला. न्यू हॅम्पशायर राज्यातले एरिक एल्ड्रेड मुदत संपलेली पुस्तके इंटरनेटवर फुकट ठेवीत. रॉबर्ट फ्रॉस्ट यांचा ‘न्यू हॅम्पशायर’ हा १९२३ सालचा कवितासंग्रह १९९९ च्या आरंभी मोकळा व्हायचा होता. पण १९९८ साली काँग्रेसने (तिथल्या संसदेचे हे नाव, आपल्या पक्षाचे नव्हे!) कायदा करून मुदत वीस वर्षांनी वाढविली. जुन्या पुस्तकांनाही ती लागू झाली. फ्रॉस्ट तर १९६३ सालीच वारले होते. दिवंगत कवीला नव्या कविता लिहिण्याचे उत्तेजन या कायद्याने कसे मिळणार, हे मला अद्याप उमगलेले नाही.

एल्ड्रेड न्यायालयात गेले. त्यांचे वकील लॉरेन्स लेसिग हे निकालाच्या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते. वेब्लॉग, म्हणजे इंटरनेटवरची जाहीर रोजनिशी, तेव्हा नवलाईची होती; लेसिगही ती लिहीत. १५ जानेवारी २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एल्ड्रेड यांच्या विरोधात निकाल दिला. फ्रॉस्ट यांचा संग्रह मोकळा झाला तो थेट २०१९ साली.

मात्र निकालाआधीच, डिसेंबर २००२ मध्ये, लेसिग व सहकाऱ्यांनी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे परवाने काढले होते. कायदा बदलेना, तर लेखकानेच आपले दार उघडावे! ‘माझे नाव द्या नि खुशाल वापरा’, किंवा ‘वापरा, पण त्यावर धंदा करू नका’, असे तो आधीच जाहीर करतो. परवाना तीन प्रकारे लिहिलेला असतो : वकिलांसाठी, तुमच्याआमच्यासाठी आणि यंत्रासाठी. मला अप्रूप तिसऱ्याचे. ठरलेल्या सांकेतिक पद्धतीने ही खूण पानातच लिहिली, की कोणता मजकूर मोकळा आहे हे संगणकालाच कळते. ही खूण घडविणाऱ्यांत १९८६ साली जन्मलेला आरन स्वार्ट्झ होता. वयाचा हिशेब वाचकांनीच करावा. आपल्याकडे तेव्हा दहावी-अकरावीची धास्ती असते.

मुदतवाढीचा हा प्रकार आपल्याकडेही घडला आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर पन्नास वर्षे हक्क राही. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ साली पन्नासाची साठ झाली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त पहिले पुस्तक आले ते हेच, स्वस्त आवृत्तीतले. आईला अक्षरओळख नाही. मी वाचले, तिने ऐकले.

हा लेख देताना मी संपादकांना सांगितले आहे : माझे नाव राहू द्या, बाकी कुणीही उतरवून घ्यावा.