स्वस्त गावाचा हिशेब

"सुटलो गं आपण एकदाचे!" दारात चपला काढता काढताच हे म्हणाले. २०२५ च्या मार्चमधली गोष्ट. ह्यांची केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरी. नाशिकला एक जागा रिकामी झाली होती आणि मागितली तर मिळण्यासारखी होती. डोंबिवलीत आम्ही भाड्यापोटी २०,००० रुपये मोजत होतो. तेवढ्याच खोल्या नाशिकला १३,००० मध्ये मिळत होत्या. "महिन्याला सात हजार शिल्लक!" हे ऐकून सासूबाईंनी देवापुढे साखरही ठेवली.

मी दादरला एका खासगी पेढीत हिशेबनीस होते. रोज दुसऱ्याच्या वह्या तपासून डोळ्यांना वाईट खोड लागलेली! नुसती खर्चाची बाजू पाहून आनंद करणे मला जमेना. रात्री झाकपाक झाल्यावर मी वही काढली.

पहिले कलम घरभाडेभत्त्याचे. केंद्र सरकार शहरांच्या तीन पायऱ्या करते. पन्नास लाखांवर वस्तीची एक्स, पाच ते पन्नास लाखांची वाय आणि त्याखालची झेड. जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला होता. डोंबिवली मुंबईबरोबर वरच्या पायरीवर, नाशिक मधल्या. ह्यांचा मूळ पगार ५०,०००. म्हणजे १५,००० चे १०,००० होणार. प्रवासभत्त्याचीही तीच गत. ह्यांच्या श्रेणीला मुंबईत ३,६०० आणि नाशिकला १,८००. त्यावरचा महागाईभत्ता धरला की आणखी २,८०० गेले. वाचले ७,००० आणि गेले ७,८००!

महागाईभत्त्याची तर गंमतच आहे. तो साऱ्या देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, म्हणून मुंबईला जितके टक्के तितकेच रत्नागिरीलाही. गॅस, औषधे, फोन यांचा खर्चही गाव बदलले म्हणून फारसा बदलत नाही. बदलते ते जागेचे मोल आणि माणसाच्या कामाचे मोल. पहिले आपण चटकन पाहतो, दुसरे विसरतो.

"आणि माझा पगार?" मी विचारले. हे गप्प. खासगी नोकरीला पायऱ्या नसतात. गाव देईल तो पगार. दादरला मला २८,००० मिळत. नाशिकला चार ठिकाणी चौकशी केली, तेव्हा १८,००० च्या वर कोणी बोलेना. शिवाय मुंबईत एक नोकरी सुटली तर दुसरी पाहता येते. लहान गावात दारेच थोडी. एकूण तूट १०,८०० वर गेली. सासूबाई म्हणाल्या, "मग राहू दे बाई ते नाशिक!"

पण वही अजून मिटायची नव्हती. दादरची नोकरी टिकवायला आम्हांला काय पडत होते, तेही लिहायला हवे होते. सकाळी आठला बाहेर पडले की घरी यायला साडेसात. म्हणून मुलीच्या पाळणाघराचे ६,०००, पोळ्यांच्या बाईंचे ३,०००, रिक्षा आणि पास मिळून १,५००. हे सारे १०,५०० माझ्या पगारातून जात होते. नाशिकला मी साडेपाचला घरी येणार होते. म्हणजे खरी तूट उरली अवघी तीनशे रुपयांची! आणि त्या तीनशेंच्या बदल्यात रोजचे सव्वादोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर छप्पन तास, माझे मला मिळणार होते.

पारडे झुकले ते स्वतःच्या घराच्या विचाराने. शेकडा साडेआठ व्याजाने वीस वर्षांचे कर्ज काढले, तर लाखामागे दरमहा ८६८ रुपये हप्ता बसतो. आम्ही दोन्हीकडे पाहिलेल्या जागांच्या किमतीत वीस लाखांचे अंतर होते. म्हणजे हप्त्यात १७,३६० रुपयांचे. त्यापुढे कुठलाच भत्ता पुरा पडत नव्हता.

आम्ही नाशिकला आलो. मुलगी आता शाळेतून आली की अर्ध्या तासात मी घरी असते. तरीही पहिल्या पगाराच्या दिवशी बँकेच्या पुस्तकातला तो आकडा पाहून घशाशी आवंढा आला. घराचा हिशेब जुळला होता खरा, पण दहा हजार कमी झाले होते ते माझ्या नावापुढचे. भविष्यनिर्वाह निधीही त्याच मानाने घटला होता. पाळणाघराचे पैसे वाचले घराचे आणि पगार गेला माझा, हे कुठल्याच रकान्यात दिसले नव्हते.

मी ते ह्यांना बोलून दाखवले. हे बराच वेळ वहीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तोटा दोघांचा, तर निम्मा माझ्या पगारातून जायला हवा." तेव्हापासून दरमहा ५,००० रुपये ह्यांच्या खात्यातून माझ्या खात्यात जमा होतात. ती भेट नव्हे, उपकार तर नव्हेच. ते हिशेबातले राहून गेलेले कलम आहे.

गाव निवडताना भाडे पाहा, भत्ते पाहा, हप्ता पाहा. पण वही मिटण्याआधी एकदा हेही पाहा, की वाचले ते कोणाचे आणि गेले ते कोणाचे.