मेक्सिकोचे ‘पोंचे’ आणि आपले ‘पाच’ : नाताळच्या पेयाचे भारतीय धागे

नवी दिल्ली : नाताळच्या दिवसांत मेक्सिकोतील घरोघरी फळांचे एक गरम पेय उकळत असते. त्याचे नाव ‘पोंचे नाविदेन्यो’. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री तेथे ‘पोसादा’ साजरे होतात. मेरी आणि जोसेफ यांनी बेथलेहेममध्ये आसरा शोधला, त्याची आठवण म्हणून मंडळी गात दारोदार फिरतात आणि अखेरीस यजमानांकडे हे पेय घेतात.

‘पोंचे’ हा स्पॅनिश शब्द इंग्रजी ‘पंच’वरून आला आणि ‘पंच’ भारतीय भाषांतील ‘पाच’वरून, अशी व्युत्पत्ती रूढ आहे. तिचा प्रमुख आधार गोव्याजवळचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य जॉन फ्रायर १६७० च्या दशकात भारतात होते. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवृत्तात नेरूलच्या उत्तम दारूचा उल्लेख आहे. तिच्यापासून इंग्रज जे पेय करीत, त्याचे नाव पाच जिन्नसांवरून पडले, असे ते सांगतात. मद्य, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी हे ते पाच जिन्नस, असे सामान्यतः मानले जाते.

तथापि, आंध्र किनाऱ्यावरील पेटापोली येथील एका इंग्रज व्यापाऱ्यास १६३२ मध्ये आलेल्या पत्रात ‘पंच’ हा शब्द आधीच आढळतो आणि तेथे पाच या संख्येचा निर्देश नाही. त्यामुळे काही अभ्यासक ही व्युत्पत्ती निर्विवाद मानत नाहीत.

नावाविषयी मतभेद असले, तरी जिन्नसांचा प्रवास स्पष्ट आहे. पोंचेमधील पेरू मूळचा अमेरिका खंडातील. तो पोर्तुगिजांबरोबर भारतात आला. ऊस उलट दिशेने गेला : कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला आणि पुढे स्पॅनिशांनी मेक्सिकोत त्याची लागवड केली. चिंचेचे स्पॅनिश नाव ‘तामारिंदो’ हे ‘हिंदुस्थानचा खजूर’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. ‘तेहोकोते’ हे लहान, पिवळसर-केशरी आंबटगोड फळ मात्र अस्सल मेक्सिकन होय.

कृती सोपी आहे. पाण्यात दालचिनी आणि ‘पिलोन्सियो’ हा गुळासारखा पदार्थ उकळतात. मग उसाचे करवे व तेहोकोते, त्यानंतर पेरू, सफरचंद, मनुका, चिंच आणि लाल अंबाडीची वाळलेली बोंडे घालतात. फळे मऊ झाली की पेय फळांसह मातीच्या पेल्यात वाढतात. मोठ्यांच्या पेल्यात कधी थोडी रमही पडते.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरलगतच्या आयएनए बाजारासारख्या ठिकाणी तेहोकोते मिळण्याची शक्यता नाही. त्याऐवजी आंबटसर सफरचंद चालते. पिलोन्सियोची जागा गूळ सहज घेतो. उरलेले बहुतेक जिन्नस तर मराठी स्वयंपाकघराच्या नित्य परिचयाचेच आहेत.