आधार किती दिवसांचा हवा?
हर्नियाची जाळी आणि शरीरात विरघळणारे पदार्थ

हर्निया अंगावर काढण्याची सवय आपल्या नालासोपारा-वसई पट्ट्यात फार जुनी आहे. गाळ्यात माल चढवणारा कामगार असो, भाजीची टोपली उचलणारी भगिनी असो की जुनाट खोकल्याने बेजार झालेले आजोबा असोत. जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा दिसला तरी "पट्टा बांधला की भागते" असे म्हणून वर्षे काढली जातात. पुढे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली की घरात एकच प्रश्न निघतो. "पोटात जाळी घालणार म्हणे! ती जन्मभर आतच राहणार का? विरघळणारी नाही मिळत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

पोटाची भिंत स्नायू आणि चिवट पडदे यांची बनलेली असते. ती एखाद्या ठिकाणी कमकुवत झाली की तेथून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावते. हाच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. पूर्वी शल्यवैद्य छिद्राच्या कडा ओढून टाके घालीत. परंतु ओढून शिवलेले कापड जसे टाक्यापाशीच उसवते, तसे येथेही होई व हर्निया परत येई. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी वापरात आणली. पुढे १९८९ साली डॉ. लिक्टनस्टाइन यांनी ताण न देता जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर रुजली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि भिंत मजबूत होते.

ही जाळी पॉलिप्रॉपिलीनची असते व ती विरघळत नाही. बहुसंख्य रुग्णांना तिचा काही त्रास होत नाही. मात्र काहींना जांघेत दीर्घकाळ दुखते. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर तो आटोक्यात आणणे कठीण जाते व कधी जाळीच काढावी लागते. म्हणूनच शास्त्रज्ञांच्या मनात आले की, घराचा स्लॅब पक्का झाल्यावर आपण खालचे टेकू काढतो, तसा हा आधार काम संपल्यावर आपोआप नाहीसा का होऊ नये?

टेकू कधी काढायचा?

सगळी अडचण या "कधी" मध्ये आहे. त्वचेच्या जखमेत तीन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा बळ येते. तीन महिन्यांनी ते सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. पूर्ववत मात्र कधीच होत नाही. पोटाच्या भिंतीलाही असाच वेळ लागतो. जाळी त्याआधीच ढिली पडली तर हर्निया परत आलाच म्हणून समजा.

जनावराच्या आतड्यापासून बनवलेला कॅटगटचा धागा एक-दोन आठवड्यांतच बळ गमावतो. पॉलिग्लॅक्टिन या कृत्रिम धाग्याचे बळ तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. शरीरातील पाण्याने त्याची रासायनिक साखळी तुटते, लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ल तयार होते आणि शरीर त्याचा निचरा करते. त्वचेखालच्या टाक्यांना हा धागा उत्तम. पण त्याचीच जाळी विणून पोटाला लावली तर ती फार लवकर विरते. म्हणून दूषित जखमेत तात्पुरते पोट झाकण्यापुरताच तिचा उपयोग होतो. हर्निया पुढे पुन्हा दुरुस्त करावा लागतो.

यावर उपाय म्हणून संथ विरघळणारे पदार्थ आले. एका जाळीत दोन प्रकारचे धागे विणतात. एक सुमारे चार महिन्यांत विरतो, दुसरा सहा महिने बळ टिकवून साधारण तीन वर्षांत नाहीसा होतो. पी-४-एच-बी हा पदार्थ तर जंतूंकडून किण्वनाने, म्हणजे आंबवून, तयार करून घेतात. त्याची जाळी विरायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

तिसरा मार्ग प्राण्यांच्या ऊतींचा. डुकराची त्वचा किंवा गाईच्या हृदयावरचे आवरण घेऊन त्यातील पेशी धुऊन काढतात व कोलॅजेनचा सांगाडा तेवढा ठेवतात. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवर लावण्याचा असा पडदा तयार केला असून त्याला २०२३ साली केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

नवे ते नेहमीच चांगले नव्हे

येथे सावध राहिले पाहिजे. दूषित जखमेत प्राणिज जाळीच सुरक्षित, असा समज बरीच वर्षे होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत अशा २५३ रुग्णांची तुलना झाली. दोन वर्षांत प्राणिज जाळीच्या गटात २०.५ टक्के, तर साध्या प्लॅस्टिक जाळीच्या गटात ५.६ टक्के हर्निया परत आले. किंमत पाहा: प्लॅस्टिकची जाळी सुमारे १०५ डॉलर, प्राणिज जाळी २१ हजार डॉलरहून अधिक! जांघेच्या साध्या हर्नियाला आजही न विरघळणारी जाळीच सर्वाधिक वापरली जाते, ती याच अनुभवामुळे.

किमतीचा प्रश्न महाराष्ट्राने आपल्या परीने सोडवला आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले व २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर झालेल्या चाचणीत (२०१६) मच्छरदाणीची जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ साली जाळीच टाळणारी पद्धत मांडली. रुग्णाच्याच स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी, दोन्ही टोके न तोडता, कमकुवत भिंतीवर शिवायची. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर झालेल्या तुलनेत (२०१२) तीन वर्षांनंतर ही पद्धत व जाळीची पद्धत यांत हर्निया परत येण्याचे प्रमाण सारखेच आढळले. आधार शरीराचाच असल्याने तो विरण्याची चिंता नाही.

महावग्गात जीवकाची कथा आहे. त्याने वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून आतड्याचा पीळ सोडवला आणि पोट पुन्हा शिवले. शिवण जखम भरेपर्यंत टिकली पाहिजे, ही अट त्या काळीही होती आणि आजही आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे की या कामाला एकटा डॉक्टर पुरत नाही. धागा बनवणारा रसायनतज्ज्ञ, जाळी विणणारा वस्त्रतंत्रज्ञ, प्राण्यांवर तपासणी करणारा पशुवैद्य असे सर्व लागतात. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहेत. पुरेसा काळ टिकणारी, मग विरणारी आणि गरिबाला परवडणारी जाळी अजून कोणी दिलेली नाही. ती आपल्यातील कोणी का देऊ नये?

सभासद बंधू-भगिनींना एवढेच सांगणे की, चांगल्या जाळीची वाट पाहत फुगवटा लपवू नका. डॉक्टरांना निःसंकोच विचारा: जाळी कोणती, का, आणि किती खर्चाची? आणि फुगवटा आत जाईनासा झाला, घट्ट होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठा. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की वेळ फार थोडा उरतो.