भिंत नसलेल्या घरातला टांगता दिवा

हल्लीच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकाचा ओटा यांच्यामध्ये भिंतच नसते. घर मोकळं वाटतं, पण छतावरच्या एकसारख्या पांढऱ्या उजेडात बसायची जागा कुठली आणि जेवायची कुठली, हे उमगत नाही. जेवणाच्या टेबलावर एक दिवा खाली टांगला की उजेडाचं वर्तुळ पडतं आणि तेवढी जागा वेगळी होते.

सगळी किमया उंचीत आहे. टेबलाच्या फळीपासून दिव्याची खालची कड साधारण 75 ते 90 सेंटिमीटरवर असावी. फार वर गेला तर उजेड खोलीभर पसरतो. फार खाली आला तर समोरच्याचा चेहरा झाकला जातो. बल्ब डोळ्यांत खुपता कामा नये. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेन यांच्या 1958 सालच्या 'पीएच 5' दिव्यात धातूच्या शेड अशा रचल्या आहेत, की बल्ब दिसतच नाही.

आपल्याकडे आधी पंखा बघावा. त्याच्या वाऱ्याने हलका दिवा हेलकावे खातो आणि ताटावर सावल्या नाचतात. वजनदार दिवा पीओपीच्या छताला नको, स्लॅबमधल्या हुकालाच हवा. ओट्यावर कापडी शेड टाळावी. फोडणीचा तेलकट धूर तिला कायमचा चिकटतो. काच पुसता येते.

प्रत्येक दिव्याला वेगळं बटण ठेवा. आणि टेबल कुठे येणार ते ठरवूनच इलेक्ट्रिशियनला पॉइंट दाखवा.